मागच्या रांगेत जे चावलं

वाचनालयात काम करणाऱ्या प्रत्येकाला माझी एक विनंती आहे. जिथे नजर पोहोचत नाही तिथे हात घालू नका. खरं तर सांगायचं एवढंच आहे. पण हे एका ओळीत कुणी सांगितलं असतं, तर मी स्वतःही ऐकलं नसतं. म्हणून सगळं लिहिते आहे.

आमचं वाचनालय चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या सीमेवर, एका तालुक्याच्या गावी आहे. मी तिथे सहायक ग्रंथपाल. माझे बाबा बांबू तोडायच्या कामावर जायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. बी.ए. आणि त्यानंतरची ग्रंथालयाची पदवी मी याच वाचनालयाच्या अभ्यासिकेत बसून पूर्ण केली, खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर. घरी पाच माणसं आणि एक खोली. इथे निदान वही उघडी ठेवता यायची. त्या बाकाचे उपकार मी विसरलेले नाही, आणि पुढे जे घडलं त्यानंतरही विसरायचे नव्हते.

आमच्याकडे पुस्तकं जास्त आणि कपाटं कमी, म्हणून प्रत्येक फळीवर दोन रांगा. पुढची डोळ्यांना दिसते, मागची फक्त हाताला कळते. भरतीची तयारी करणारे वाचक हवं ते पुस्तक मागच्या रांगेत दडवून ठेवतात, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाला मिळू नये म्हणून. त्यामुळे बंद करायच्या आधी रोज आम्ही पुढच्या रांगेवरून हात आत घालून चाचपायचो. ‘मागचा हात फिरवणं’ असं आम्ही त्याला म्हणायचो. मी नोकरीला लागले तेव्हा मला सगळ्यात आधी शिकवलं गेलेलं काम हेच. सहा वर्षांत माझा हात इतका तयार झाला होता की कापडी पुठ्ठा कुठला आणि साधा कुठला, हे न पाहता सांगायची. मला त्याचा अभिमान होता.

शनिवार

जानेवारीतली संध्याकाळ होती, सहा वाजलेले. अभ्यासिकेत वीस-पंचवीस जण माना खाली घालून बसले होते. मी इतिहासाच्या कपाटाच्या खालून दुसऱ्या फळीवर हात घातला. एक जाड पुस्तक लागलं, मग दुसरं, मग थोडी मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेत काहीतरी माझ्या मधल्या बोटाला चावलं.

टोचलं असं मनात आलंच नाही. आमच्याकडे अंधारात हाताला जे लागतं ते जिवंत असतं.

मी ओरडले आणि हात ओढला. पुढची पाच-सहा पुस्तकं धपाधप खाली पडली. आमचे शिपाई मोतीरामभाऊ धावत आले. ते जंगलातल्या गावचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. त्यांनी माझं बोट उजेडात धरलं. रक्ताचा एकच थेंब होता.

"एकच दात लागला ताई. हालू नोका. हात खाली सोडा."

"काय असंल भाऊ?"

"कवड्या असंल तं काई होत नाई."

"आन् मण्यार असंल तं?"

माझीच ओढणी घेऊन त्यांनी माझा हात घट्ट बांधला. मण्यारचा दात लागला तर दुखत नाही, सुजत नाही, माणूस नुसता पेंगायला लागतो, हे आमच्याकडे लहान मुलांनाही माहीत असतं. माझं बोट दुखत नव्हतं, सुजतही नव्हतं. त्याचीच मला भीती वाटत होती.

अभ्यासिकेतले सगळे उठून उभे राहिले होते. मला घेऊन निघाले तेव्हा मी मागे वळून पाहिलं. सगळे माझ्याकडे बघत होते. एक बाक मात्र रिकामा होता. त्यावर वही उघडीच होती. तेव्हा त्यात मला काही विशेष वाटलं नाही.

दोन सुखाचे दिवस

ग्रामीण रुग्णालयात मला सकाळपर्यंत देखरेखीखाली ठेवलं. नर्सबाई थोड्या थोड्या वेळाने यायच्या. "डोळे उघडा. पापणी जड वाटते का? माझी बोटं मोजा." मी मोजायची. दोन, चार, तीन. माझ्याच हाताकडे मी परक्याच्या हातासारखी बघत होते, विष आता कुठपर्यंत आलं असेल याचा अंदाज घेत. विष आलंच नाही.

तिकडे साप पकडणारा माणूस वाचनालयात येऊन काठी आणि टॉर्च घेऊन कपाटाच्या तळाशी, भिंतीच्या भेगांत शोधून गेला. त्याला साप सापडला नाही. तो सापच शोधत होता, त्यामुळे दुसरं काही त्याच्या डोळ्यांना दिसणारच नव्हतं. मोतीरामभाऊंनी पडलेली पुस्तकं उचलून परत लावून टाकली.

रविवारी सकाळी डॉक्टर हसत म्हणाले, "बिनविषारी असेल. जा घरी." माझा नवरा प्रशांत वनरक्षक आहे. त्याची ड्युटी एटापल्लीकडे, पंधरा दिवसांनी घरी येणारा माणूस. तो फोन ऐकून मोटरसायकलवर तसाच निघाला होता. सासूबाईंनी बुद्धमूर्तीपुढे आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या, खीर केली. शेजारच्या बाया येऊन माझं बोट बघून गेल्या. माझी चार वर्षांची चिनू सगळ्यांना सांगत होती, "माह्या आईले साप बी भेते."

सोमवारी वाचनालयाला सुट्टी असते. मी दिवसभर चिनूला मांडीवर घेऊन अंगणात उन्हाला बसले. जिवंत असणं इतकं गोड मला कधीच लागलं नव्हतं. आजही त्या दोन दिवसांची आठवण आली की अंगावर काटा येतो. मी खीर खात होते, हसत होते, आणि ते माझ्या आत शांतपणे फिरत होतं.

त्रेसष्ट तास

मंगळवारी सकाळी नऊ वाजता मोतीरामभाऊंचा फोन आला.

"ताई, इकडं या."

"काय झालं जी?"

"फोनवर नाई सांगत. प्रशांतभाऊलेबी घेऊन या."

खबरदारी म्हणून फिनाईल मारायचं होतं, म्हणून त्यांनी ती फळी पूर्ण रिकामी केली होती. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर एक पुस्तक ठेवलं होतं. पुस्तकाच्या कापडी पाठीत एक बारीक सिरिंज रुतली होती. ती कुणीतरी घाईने मागे ढकलली असणार. सुईचं टोक कापडातून आरपार बाहेर आलं होतं. नळीत तपकिरी काहीतरी वाळलेलं होतं.

"हा पाहा तुमचा साप," मोतीरामभाऊ म्हणाले.

त्या वस्तूत जीव नव्हता. पण तिच्यात कुणाचं तरी रक्त होतं, आणि ते कुणीतरी त्या क्षणी बाहेर पंचवीस फुटांवर बसलेलं असू शकत होतं.

ग्रामीण रुग्णालयात आम्ही ती सिरिंज डब्यात घालून नेली. नर्सबाईंनी डबा उघडून पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "किती तास झाले?"

मला प्रश्न कळला नाही. प्रशांतने बोटांवर मोजले. "त्रेसष्ट. चौसष्ट होऊन राह्यले."

"बहात्तरच्या आत पहिली गोळी पोटात गेली पाहिजे. आमच्याकडचा साठा संपलाय. जिल्ह्याला जा. आत्ता. चहासुद्धा पिऊ नका."

कसली गोळी, ते त्यांनी हळू आवाजात सांगितलं. एचआयव्ही हा शब्द मी तोपर्यंत फक्त भिंतीवरच्या पोस्टरवर वाचला होता.

रस्त्यात

जिल्ह्याच्या गावाला आमच्याकडून दोन तास लागतात, बराचसा रस्ता जंगलातला. निम्म्या वाटेवर दोन्ही बाजूंनी गाड्या उभ्या होत्या. पुढे रस्त्याच्या कडेला वाघीण बसली होती, आणि तिची पिल्लं रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला होती. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. एसटी, ट्रक, मोटरसायकली, सगळे गप्प. पाखरंही गप्प. ती आमच्याकडे बघतही नव्हती.

"जाऊ द्या नं बाजूनं," मी प्रशांतच्या कानात म्हणाले.

"नाई जाता येत."

"माहे तास जाऊन राह्यले."

"सुनंदा, चूप बस. तिले घाई नाई, आपल्याले आहे. तिचंच चालते."

पाऊण तास आम्ही तसेच बसलो होतो. समोर दिसणाऱ्या वाघिणीची मला जरासुद्धा भीती वाटली नाही. नंतर विचार केला तेव्हा कळलं, भ्यायचं कशाला हेच त्या दिवशी माझ्या शरीराला समजेनासं झालं होतं.

पहिली गोळी मी दुपारी एकच्या आधी गिळली. त्रेसष्टवर चार तास झाले होते. गोळी देणाऱ्या समुपदेशक बाई वयाने माझ्याएवढ्याच होत्या. मी विचारलं, "ही सुई तपासा ना. कळेल तरी."

"सुई नाही तपासत, ताई. तुमचं रक्त तपासू. आज, मग दीड महिन्याने, मग तीन महिन्यांनी."

"मग तोपर्यंत?"

"तोपर्यंत जगायचं, गोळी चुकवायची नाही." मग त्यांनी विचारलं, "टोचल्यावर काय केलं होतं?"

मी सांगितलं, ओढणीने हात घट्ट बांधला, बोट पिळून पिळून रक्त काढलं.

"सुई टोचली की पिळायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, लगेच निघायचं. आणि काविळीची लस? बी प्रकारची?"

वाचनालयात कुणाला लस देतात हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. तिथेच पहिला डोस घेतला.

अठ्ठावीस दिवस

रोज अकरा वाजता एक गोळी. वाचनालय उघडून, पाणी भरून, वर्तमानपत्रं लावून झाली की मी आतल्या खोलीत जाऊन गोळी घ्यायची. मळमळ व्हायची. डुलकी लागली की एकच स्वप्न. मी मागच्या रांगेत हात घातला आहे, आणि पलीकडून कुणीतरी माझा हात हातात घेतो. ओढत नाही, सोडतही नाही. नुसता धरून ठेवतो.

जागी असताना त्याहून वाईट. बाहेर अभ्यासिकेत पानं उलटल्याचा आवाज येत राहायचा. कोण? पूर्ण बाह्यांचा शर्ट घालणारा? वारंवार बाहेर जाणारी? मैदानावर धावायची तयारी करणारे काहीजण ताकदीची इंजेक्शनं घेतात, एकच सुई तिघं-चौघं वापरतात, असं बाजारात बोललं जायचं. मी पुस्तक देताना त्यांच्या कोपराच्या आतली बाजू बघायला लागले. ज्यांची नावं मी आपुलकीने पाठ केली होती, त्यांच्या हातांवर आता खुणा शोधत होते.

वाचनालयाच्या सचिवांना मी सगळं सांगितलं. ते भले गृहस्थ आहेत, मला नोकरी त्यांच्यामुळेच लागली. पण ते घाबरले. "ताई, हे बाहेर बोलू नका. पालक पोरं पाठवणार नाहीत. साप होता, तो साप राहू द्या."

मी साप राहू दिला.

साप असता तर

घरी मी माझं नेलकटर वेगळं केलं, टॉवेल वेगळा केला, चिनूच्या गालाला गाल लावणं सोडलं. डॉक्टरांनी यातलं बहुतेक काही सांगितलं नव्हतं. भीतीने मीच करत होते. चिनू विचारायची, "आई, तू माह्यावर रागावली का?"

प्रशांतला डॉक्टरांनी जपून राहायला सांगितलं तेव्हा तो चिडला. "माह्या बायकोनं केलं काय? मंग हे सारं आमच्याच घरात काऊन?" दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मग एटापल्लीला परत गेला. तिथून मात्र रोज अकराला फोन करायचा. "घेतली?" मी म्हणायची, "घेतली." फोन बंद. आमचा संसार काही दिवस त्या दोन शब्दांवर चालला. पण एकही दिवस चुकला नाही.

सासूबाईंनी कधी माझं ताट वेगळं केलं नाही. एक दिवस मात्र तांदूळ निवडता निवडता सहज म्हणाल्या, "साप असता तं बरं होतं वो बाई. लोकाइले सांगता तं आलं असतं."

त्यांनी ते मायेनेच म्हटलं होतं. मी उठून परसात गेले. कारण माझ्याही मनात तेच होतं.

दुसरा कागद

दीड महिन्याचा रिपोर्ट चांगला आला. तीन महिन्यांनी परत गेले तेव्हा मोहफुलांचे दिवस होते. सगळ्या गावभर तो गोड वास, आणि मला त्या वासाने ओकारी येत होती. जिना चढले की धाप लागायची. उन्हाळा असेल, असं मी म्हणत होते.

रिपोर्टच्या खिडकीतल्या माणसाने एक कागद दिला. एचआयव्ही नाही. मी तिथेच भिंतीला टेकले, प्रशांतला फोन लावायला मोबाइल काढला.

"थांबा," तो म्हणाला, "दुसरा कागद आहे. तो घेऊन मॅडमकडे जा."

दुसरा कागद काविळीचा होता. सी प्रकारची. ज्याची लस नसते, तीच. ती सुई रिकामी नव्हती.

डॉक्टर मॅडमनी खुर्ची ओढून माझ्यासमोर ठेवली. "घाबरू नका म्हणणार नाही. पण ही बरी होते. गोळ्या इथे फुकट मिळतात. आधी थोडं थांबून बघू, कधी कधी शरीर स्वतःच घालवतं. नाही गेलं तर तीन महिने औषध."

शरीराने घालवलं नाही. मे महिन्यात गोळ्या सुरू झाल्या. मला कावीळ झालेली बाहेरून दिसलीच नाही, डोळे शेवटपर्यंत पांढरे होते. आरशात मी रोज बघायची. तीच मी. आत कुणीतरी राहतंय आणि खिडकीवर येत नाही, असं वाटायचं.

घाबरलेल्या माणसाला मला सांगावंसं वाटतं ते हे. सुईच्या पहिल्या बातमीने मी मोडले होते, दुसरीने मोडले नाही. पहिलीत मी नुसती वाट बघत होते. दुसरीला निदान नाव होतं.

तिसरा बाक

गोळ्यांच्या दुसऱ्या महिन्यात एकदा खूप थकवा आला म्हणून मी अभ्यासिकेतल्या त्या खिडकीजवळच्या बाकावर बसले. किती वर्षांनी बसत होते. बाकाखाली हात गेला, आणि मी दचकून मागे घेतला. मग वाकून, डोळ्यांनी बघितलं. माझंच नाव होतं, कंपासने कोरलेलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी चोरून कोरलं होतं. तेव्हाच्या ग्रंथपालांनी ते पाहिलं असणार. ते कधी काही बोलले नाहीत.

त्या दिवशी मी कोण कोण करत शोधणं सोडलं. ज्याने सुई लपवली त्याने ती माझ्यासाठी लपवली नव्हती. तो भ्याला होता. आणि ज्याचं रक्त त्या सुईत होतं, त्याला तर कुणी अजून दुसरा कागद दिलाच नसेल. तो पुस्तकं वाचत असेल, मैदानावर धावत असेल, आणि त्याला यंदा मोहाचा वास का सहन झाला नाही हे कळलं नसेल.

मी परत सचिवांकडे गेले. मला तीन गोष्टी हव्या होत्या. दुहेरी रांगा बंद, आम्हा तिघा कर्मचाऱ्यांना लस, आणि सुया टाकायला एक पक्का डबा. पहिल्या दोन त्यांनी मान्य केल्या. डब्याला नाही म्हणाले. "वाचनालय आहे की दवाखाना?"

"साहेब," मोतीरामभाऊ दारातून म्हणाले, "माहा हात बी त्याच फळीवर जात होता. मले टोचलं असतं तं कोणी फोनबी नसता केला."

सचिव खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "माझ्यासमोर लावू नका. मी आलो की दिसलाच पाहिजे असं नाही."

मोतीरामभाऊंनी फिनाईलचा जाड प्लास्टिकचा रिकामा कॅन धुऊन वाळवला, झाकणात बारीक फट पाडली आणि संडासाजवळच्या कोपऱ्यात भिंतीवर खिळ्याला अडकवला. भरला की ग्रामीण रुग्णालयाने न्यायचा, असं नर्सबाईंशी ठरवून आले.

मग मी अभ्यासिकेत उभी राहिले. आयुष्यात कधी भाषण केलं नव्हतं. म्हणाले, "जानेवारीत मला जे चावलं तो साप नव्हता. सुई होती. मला कावीळ झाली आहे, औषध चालू आहे, मी बरी होणार आहे. ज्याची सुई होती त्याच्यावर माझा राग नाही. पण त्याने जिल्ह्याला जाऊन रक्त तपासून घ्यावं. डब्याजवळ चिठ्ठ्या टांगल्या आहेत, कुठल्या खोलीत जायचं ते लिहिलेलं आहे. तिथे नाव विचारतात, पण गावात सांगत नाहीत. आम्हीही कुणाला विचारणार नाही."

एकही पान उलटलं नाही. पंखा फिरत होता. सगळ्या माना खाली होत्या, आणि त्या शांततेत मला अगदी स्पष्ट जाणवलं की त्यांच्यातलं कुणीतरी श्वास रोखून बसलं आहे. मी आत गेले.

डबा

त्यानंतर तीन वाचक यायचे बंद झाले. कुणी माझ्या हातून पाण्याचा ग्लास घेईना. दोघी मुली मात्र घरून लिंबं घेऊन आल्या, "मॅडम, काविळीले चांगले असतेत."

आता आम्ही मागे हात घालत नाही. एकच रांग आहे. टॉर्च, चिमटा आणि जाड हातमोजे काउंटरखाली असतात. उरलेली पुस्तकं खोक्यांत भरून आतल्या खोलीत ठेवली आहेत, आणि मागितली तर काढून देतो. वेळ लागतो. लागू दे.

रोज बंद करताना मोतीरामभाऊ तो कॅन काढून कानाजवळ हलवायचे. काही वाजायचं नाही. जुलै गेला, पोळा झाला. "रिकामा हाय ताई." चिठ्ठ्याही तशाच, धूळ बसलेल्या. मला वाटायचं, माझ्या बोलण्याने सुया जंगलात गेल्या असतील, नालीत गेल्या असतील. ज्याला वाचवायचं तो आणखी आत लपला.

गोळ्या संपून तीन महिने झाल्यावर शेवटची तपासणी असते. त्या दिवशी प्रशांत सुट्टी घेऊन बरोबर आला होता. डॉक्टर मॅडमनी कागद माझ्या हातात दिला. "गेला. तुम्ही बऱ्या झालात." प्रशांतने तो कागद चार घड्या करून खिशात ठेवला, आणि वाटेत प्रत्येक थांब्यावर काढून बघितला. घरी चिनूने विचारलं, "आता गाल लावू?" मी म्हटलं, लाव.

संध्याकाळी मी वाचनालयात गेले. सहा वाजत आले होते. अभ्यासिकेत वीस-पंचवीस जण बसलेले. मोतीरामभाऊंना मी रिपोर्ट सांगितला. त्यांनी हात जोडले. मग मला कोपऱ्यात नेलं आणि भिंतीवरचा कॅन काढून माझ्या हातात दिला.

"हालवून पाहा."

मी हलवला. आत बारीक, हलका कसलातरी आवाज झाला.

चिठ्ठ्यांच्या गड्डीकडे बघितलं. वरची, धुळीची चिठ्ठी नव्हती. तिच्याखालची पांढरी स्वच्छ दिसत होती.

अभ्यासिकेत पान उलटल्याचा आवाज आला. मी कॅन परत खिळ्याला अडकवला आणि बाकांच्या मधून काउंटरपर्यंत चालत गेले. वाटेत मी मान वर केली नाही.